सामाईक कोट

बाबा गेले तेव्हा पेपरात द्यायला फोटो मिळेना.
चाळीस वर्षं म्हापशाचे चेहरे काढले,
हळर्णकर फोटो, कोर्टाखालच्या उतरणीवर,
आणि निधनवार्तेत त्यांच्या नावाशेजारी
एक पणती छापून आली.

मतदार कार्डावर होता एक.
पण तो सरकारने काढलेला,
डोळे अर्धे मिटलेले.
असा फोटो बाबांनी गिऱ्हाइकाला कधी दिला नसता.
चवथीच्या फोटोत, माटोळीखाली,
आम्ही सगळे एका जागेकडे बघतोय.
ती त्यांची जागा.

वल्लभ लिस्बनहून विचारतो, मेळ्ळो गो?
त्याला भिंतीवर लावायचा आहे.
सोदतां, म्हणते मी.
दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून
कॅमेऱ्याला दहा सेकंद लावते
आणि स्टुलाकडे धावते.

कोट अजून खुंटीवर आहे.
काळा, एकाच मापाचा,
अख्ख्या गावाने घातलेला.
पासपोर्टला, नोकरीला, स्थळाला.
मागून कपड्यांचे चिमटे लावले की
कुणालाही बसायचा:
पाद्रीचा पुतण्या, कुवेतला निघालेला आचारी,
धुळेरचा तारी.
वल्लभही ह्याच कोटातून देशाबाहेर गेला.
समोरून साहेब, पाठीमागून वाळत घातलेलं धुणं.

मी घालते. चिमटे लावायला कुणी नाही,
कोट खांद्यांवरून ओघळतो.

पहिल्या फोटोत मी आईसारखी दिसते.
दुसऱ्यातही.
आई आयुष्यभर निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची,
खिडकीशी, भिंगाखाली, जीभ किंचित बाहेर काढून.
देवीचे व्रण घालवले तिने लोकांचे,
डोळ्यांखालचं जागरण घालवलं.
आमच्या घराण्याचा डाव्या डोळ्याखालचा तीळ
तोही, ज्याचा त्याचा, पुसून टाकला.
आत्याचा. वल्लभचा.
माझा तर पहिलीपासूनचा.
माशी बसल्यासारखी दिसते, म्हणायची.
अल्बम उघडून आम्ही कुणाचे ते सांगावं
तर एवढी एकच खूण होती.

आता माझ्या फोटोत तो आहे,
न पुसलेला, जरा आगाऊ.
बाबांना होता का?
कार्डावर नेमका तिथे होलोग्राम येतो.
आणि मला आठवत नाही.
हे लिहितानाही कानशिलं तापतात.
आठवतं ते काळ्या कापडाखाली शिरणारं डोकं,
बाहेर येताना केस विस्कटलेले,
पण तोवर मी समोरच्या माणसाकडे बघत असायची,
तो कसा दिसेल ह्याच्याकडे.

तिसरा. सातवा. अकरावा.
हनुवटी वर, खांदे सरळ.
हालूं नाका, मी मोठ्याने म्हणते,
रिकाम्या दुकानात, त्यांच्या आवाजात,
आणि हलतेच.

चौदाव्याला चप्पल सुटली.
स्टुलापर्यंत पोचलेच नाही.
फोटोत पाठ आहे, तीही अर्धी,
कोटाची एक बाही हवेत,
मान पुढे, उजवा पाय आत वळलेला.
कुणीतरी घाईने पडद्याकडे निघालंय
गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी
सरळ करायला.

मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला.
तीळ नाही.
चेहराच नाही त्यात.

वल्लभला पाठवला.
बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा,
मग एकच ओळ:
हो कोणें काडलो?

अजून उत्तर दिलेलं नाही.
शटरखालून एक पोरगा वाकून विचारतोय,
पासपोर्टाचो फोटो काडटात?
यो, म्हटलं. कोट उतरवून त्याच्या हातात दिला.
चिमटे कुठे असतात
ते फक्त आईला ठाऊक होतं.